पुसट जागा

“तुमचा हात हललाय,” साहेब म्हणाले.

पडद्यावर एका बाईचा चेहरा होता. पहाटे नदीतून बाहेर काढलेली, तिशीच्या आसपासची, ओळख न पटलेली. डॉक्टरांनी मृत म्हणून लिहून दिलं आणि तिला थेट शवागारात आणलं. फोटोत पापणीचा केस न् केस दिसत होता. फक्त गळ्याची उजवी बाजू पुसट होती, आणि साहेबांना नेमका तिथलाच व्रण हवा होता. बाई आपणहून पाण्यात गेली की कुणी गळा दाबून टाकली, हे त्यावरून कळणार होतं.

“कॅमेरा स्टँडवर होता, साहेब. हात कशाला हलेल?” पोलीस फोटोग्राफर म्हणाले. त्यांना सगळं ऑफिस काका म्हणायचं, कारण शेजारच्या टेबलावरची नवी फोटोग्राफर त्यांची सख्खी पुतणी होती.

“बटण दाबताना धक्का लागला असेल. मागे हातात कॅमेरा धरून काढलेलेही दोन फोटो असेच आले होते. काका, वय कुणाला चुकलंय? दुपारपर्यंत धड फोटो द्या. नाहीतर उद्यापासून रेकॉर्डच्या खोलीत बसा, निवांत.”

साहेब हे मायेनं बोलले, म्हणून जास्तच झोंबलं. काकांना त्या खोलीची धास्ती होती. तिथे गेलेला माणूस निवृत्तीच्या समारंभालाच पुन्हा दिसायचा.

खात्याकडे दोन नवे कॅमेरे वापरून बघायला आले होते. एक मोठ्या सेन्सरचा, संथ. दुसरा छोट्या सेन्सरचा, पण वेगवान. काकांचा जीव पहिल्यावर, सकाळचा फोटोही त्यावरचाच; पुतणीचा दुसऱ्यावर. त्यावरून दोघांची घरी जेवतानाही जुंपायची.

“सेकंदाला तीस फोटो!” काका म्हणायचे. “आपली गिऱ्हाइकं काय पळून जाणार आहेत?”

“तुमचा कॅमेरा म्हणजे गोगलगाय. एका फोटोसाठी लागोपाठ सोळा वेळा टिपणार, मग ते एकावर एक बसवणार. मध्ये जरा काही हललं की तेवढ्या जागेचा चिखल.”

“काय हलणार आहे आपल्याकडे?”

साहेब गेल्यावर पुतणी लगेच उठली. “चला काका, पुन्हा काढून येऊ. शवागार समोरच तर आहे.”

“बस खाली. आत्ता धावत गेलो तर साहेब म्हणतील, बघा, स्वतःच कबूल केलं. आधी माझ्यावरचा आळ उतरू दे.”

तिला राग आला आणि कीवही आली. लहानपणी आयुष्यातला पहिला कॅमेरा तिच्या हातात काकांनीच दिला होता. ती बसली.

“फोकसचा घोळ असेल,” ती म्हणाली. “मोठा सेन्सर, त्यात इतक्या जवळून. फोकस कागदाएवढा पातळ मिळतो. तुम्ही चेहऱ्यावर धरलात, गळा निसटला.”

“कानाची पाळी बघ. गळ्याच्याच पातळीत आहे ना? मग ती कशी लख्ख आली?”

काकांनी कपाटावरचं प्लास्टरचं डोकं खाली काढलं, टेबलावर आडवं ठेवलं आणि त्याचा फोटो काढला. स्वच्छ आला. पुन्हा काढला, पुन्हा स्वच्छ. मग तिने आपला वेगवान कॅमेरा आणला आणि वादाला नवी धार चढली. सावलीतले बारकावे कुणाचे चांगले, कुणाच्या फोटोत दाणे जास्त, वेगासाठी काय काय गमवावं लागतं. दोघंही हट्टी. आलेला चहा तसाच गार झाला.

शेवटी पुतणीनेच तोडगा काढला. “शीतपेट्यांचं यंत्र सुरू झालं की तिथली फरशी थरथरते. त्यात तिथलं फोटो काढायचं टेबल लंगडं. गळ्याकडची बाजू हलली असणार.”

“आता कसं बोललीस!” काका खूश झाले. दोघं जेवले आणि मग समोर गेले.

शवागाराच्या रखवालदाराने पेटी ओढली. “सकाळी तुमचं झालं तशी आत सरकवली ती सरकवलीच,” तो म्हणाला. त्याने बाईला त्याच टेबलावर घेतलं. काकांनी स्टँड त्याच जागी लावला, फोकस तसाच चेहऱ्यावर धरला. यंत्र घरघरत होतं. पुतणीने टेबलाच्या कडेला हात लावून पाहिला, टेबल बारीक थरथरत होतं.

“आता बघ कसा चिखल येतो,” काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

चिखल आला नाही. फोटो टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ होता. गळ्यावर चार बोटांचे वळ उमटलेले दिसत होते. काकांना पोरासारखं हसू फुटलं. त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला.

“व्रण मिळाला, साहेब! गळा दाबलेलाच आहे. आणि ऐका, हात तोच, फोकस तोच, यंत्रसुद्धा चालू. दोष कशातच नाही!”

“शाबास, काका. रेकॉर्डची खोली रद्द. पण मग सकाळी बिघडलं काय होतं?”

“ते आता...” काकांनी पुतणीकडे पाहिलं.

तिने दोन्ही फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले होते. तिने स्वतःच्या जबड्याखाली दोन बोटं टेकवली, जरा सरकवली आणि नाडी लागली तिथे थांबवली. सकाळच्या फोटोत तीच जागा पुसट होती. दुपारच्या फोटोत बाईचं काहीच हललेलं नव्हतं.