कसर

"सर, शिष्यवृत्ती गावली," म्हणत डॉ. विश्राम पाया पडला. डॉ. गुरुदासांनी "यशस्वी हो" म्हटलं खरं, पण त्यांची नजर त्याच्या हातातल्या लिफाफ्यावरून हलेना.

आचऱ्यातल्या याच दवाखान्यात विश्राम तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला होता. आता गावच्या डॉक्टरांना संशोधन शिकवणारी मुंबईची एक संस्था त्याला दोन वर्षं पोसणार होती. पुढे तिथेच नेमणूक. जाहिरात गुरुदासांनीही वाचली होती. वयाची अट पस्तीस, आणि त्यांना एक्कावन्न सरलेलं. दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले ते दुसऱ्याच्या ताटात.

"विषय काय घेतलंस?"

"कसर."

गुरुदासांच्या पोटात दुखलं, आणि डॉक्टर असल्यामुळे दुखणं कुठल्या जातीचं ते त्यांना लगेच कळलं. तो मत्सर होता. 'अंगात कसर आसा', म्हणजे बारीक ताप आहे, असं इथला दर दुसरा रोगी सांगतो आणि थर्मामीटर म्हणतो, ताप नाही. ही गंमत विश्रामला त्यांनीच दाखवली होती. चोवीस वर्षं ते रोग्याची तक्रार त्याच्याच शब्दांत वहीत लिहीत आले होते. कधीतरी आपणच यावर काही करू, असं मनाशी धरून.

"तुमच्यो जुन्यो वह्यो माका व्हयो होत्यो, सर. पयल्या पानार तुमचा नाव घालतलंय."

पहिल्या पानावर नाव. लग्नपत्रिकेत मामाचं असतं, तसं.

"वह्यो खंय रवल्यो रे," गुरुदास म्हणाले. "वाळवी लागली. एक पान रवला नाय."

दवाखाना झाडणारी काशीबाई कोपऱ्यात केर भरत होती. दर दसऱ्याला त्या वह्या उन्हात घालून, कडुनिंबाचा पाला पसरून तीच पेटीत भरायची. पेटी विश्राम बसला होता त्याच बाकाखाली होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

विश्राम बाकावरून उठला. "जाव दे, सर. नशीब माझा," म्हणाला, आणि पुन्हा पाया पडून गेला.

गुरुदासांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं नाही. पाणी प्यायले आणि कपाळाला हात लावून बसले.

"काय झाला, डाक्टरानू?" काशीबाईनं विचारलं.

"काय नाय गो. अंगात जरा कसर वाटता."

त्यांनी थर्मामीटर उचलून झटकला. काशीबाईनं वाकून बाकाखालची पेटी ओढली आणि फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली.

"ठेवा तो," ती म्हणाली. "तुमची कसर त्यात दिसाची नाय."