घरचा दगड

"बाबा, मीठ जास्त झालं."

"स्वयंपाक नाही करत आपण, सूनबाई. ओत अजून."

तिने खडेमिठाचा आणखी एक वाडगा टबात रिकामा केला. सासऱ्यांनी दवाखान्यातले जुने रबरी हातमोजे चढवले होते. पांढरं सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि मीठ यांचा तो काला ते अशा तल्लीनतेने मळत होते, की बघणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी कवळीच बसवायची आहे. जन्मभर लोकांचे दात दुरुस्त केलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून घरभर धुसफुसत फिरायचा. आता बाल्कनीत उकिडवा बसून खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी दगड घडवत होता.

"एवढं मीठ कशाला पण?"

"दगड पाण्यात बुडवला की मीठ विरघळतं, जागोजाग भोकं राहतात. त्या भोकांत बारीक जीव वस्ती करतात आणि टाकीचं पाणी साफ ठेवतात." डॉक्टर स्वतःशीच हसले. "चाळीस वर्षं भोकं बुजवली. म्हातारपणी पाडायला बसलोय."

दिवाणखान्यातली काचेची टाकी डॉक्टरांच्या मुलाची. एकुलता एक मुलगा, हौस दांडगी. टाकी कोरडी पडून किती वर्षं झाली, हे घरातली दोघंही मोजत नसत. तिच्यावर चादर असायची आणि चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग.

मग एका रात्री जेवताना तिने मान वर न करता सांगितलं होतं, "बाबा, त्याची बदली मंजूर झाली. तो येतोय."

डॉक्टर तोंडातला घास बराच वेळ चावत राहिले. मग ताटावरून उठले, कपडे बाजूला केले आणि चादर ओढून काढली. "टाकी अशी कोरडी दिसायला नको त्याला," एवढंच म्हणाले.

फोन वाजला. डॉक्टरांचे हात सिमेंटने बरबटलेले, म्हणून तिने स्पीकर लावून फोन त्यांच्यासमोर धरला. आत्याबाई होत्या, डॉक्टरांची धाकटी बहीण.

"दादा, या वयात हे काय खूळ? लोक हसतील."

"हसू देत. हसले की दात दिसतात. मला सवय आहे."

"थट्टा पुरे. आपल्या घराण्यात असं कुणी केलं नाही."

"मग कुणीतरी सुरुवात नको का करायला?"

आत्याबाईंनी फणकाऱ्याने फोन ठेवला. खोक्यातल्या ओल्या वाळूत तिने हाताने खळगा केला, आणि दोघांनी मिळून त्यात काला थापला.

पहिला दगड तिनेच फोडला. वाळूतून काढायची घाई केली आणि हातातच त्याचे दोन तुकडे झाले. ती मट्कन खाली बसली आणि रडायला लागली. एका दगडासाठी इतकं कुणी रडत नाही, हे डॉक्टरांना कळत होतं.

"राहू दे बाबा. सगळंच राहू दे. आपलं दोघांचं बरं चाललंय की."

"कसलं बरं? संध्याकाळी मी टीव्ही बघतो आणि तू मला बघत बसतेस. याला बरं म्हणतात होय?"

"तुम्हाला त्रास होईल."

"होईल ना. तुलाही होईल थोडा." त्यांनी दोन्ही तुकडे उचलून कुंडीपाशी ठेवले. "कच्चा होता म्हणून फुटला. दुसरा करू. या खेपेला मात्र दम धर."

दुसरा दगड अख्खा निघाला. मधोमध मासे लपतील अशी गुहा, वरती बसकी पाठ. मग तो बादलीत मुरत पडला. रोज सकाळी डॉक्टर पाणी बदलत, पाणी तपासायची कागदाची पट्टी बुडवत आणि एक्सरे बघावा तशी उजेडात धरत.

"अजून चुना सोडतोय. नवा आहे, डोकं गरम आहे. उतरेल हळूहळू."

पाणी बदलता बदलता त्यांचे प्रश्न चालत. "जेवायला लवकर बसतो की उशिरा?"

"उशिरा."

"मग मीही उशिरा बसेन. गोळी तेवढी पुढे ढकलावी लागेल."

"काही गरज नाही बाबा."

"तुला नाही कळायचं. घर परकं वाटता कामा नये माणसाला."

तो यायचा रविवार उजाडला तेव्हा टाकी भरलेली होती. निळसर उजेडात दगड असा बसला होता, जणू समुद्रातूनच उचलून आणलाय. मासे अजून नव्हते. ते त्याने निवडायचे, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. त्यांनी सकाळपासून दोनदा दाढी केली होती आणि तीनदा शर्ट बदलला होता.

तिला तर काही सुचत नव्हतं. दोघं समोरासमोर आले की पहिला शब्द काय निघेल, याचीच धास्ती होती. फोनवरचं बोलणं वेगळं आणि उंबरठ्यावरचं वेगळं. सासऱ्यांचा स्वभाव ती ओळखून होती. मनातलं ओठावर यायला त्यांना फार कष्ट पडत.

बेल वाजली.

"तू थांब," डॉक्टर म्हणाले. "दार मी उघडतो."

दारात तो उभा होता. दोन्ही हातांत बॅगा, कपाळावर घाम. काहीतरी बोलायचं ठरवून आला असावा, पण डॉक्टरांना बघून ते सगळं विसरला.

डॉक्टरांनी पुढे होऊन त्याच्या हातातली एक बॅग घेतली. मग भिंतीवरच्या, मुलाच्या हार घातलेल्या फोटोकडे एकदा बघितलं.

"या," ते म्हणाले, "या, जावईबापू."