नऊ पावलं

"सोमवारी घासायचं मशीन लावतो, मंगळवारी पहिला थर," असं गिरिधरने सांगितलं, म्हणून लहानू शनिवारीच चिखलदऱ्याहून एस.टी.त बसला आणि रविवारी सकाळी नागपुरात, धरमपेठेतल्या वामनरावांच्या फाटकाशी उभा राहिला.

गिरिधर नव्या कंपनीचा माणूस. डोंगरावरच्या थंडीने आणि ओलीने वामनरावांच्या चिखलदऱ्यातल्या बंगल्यातला लाल कोबा जागोजागी तडकला होता. त्यावर आता इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर दगडासारखं घट्ट होणारं रसायन, ओतायचं होतं, त्यात गारगोटीची बारीक रेती, रंग राखाडी. वीस वर्षं त्याला काही होत नाही म्हणे. लहानूला त्याचा राग नव्हता. मूळचा कोबा त्याच्याच हातचा, म्हणून गिरिधरने त्यालाच मदतीला घेतलं होतं.

पण बैठकीच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत लहान पोरीची नऊ पावलं उमटलेली होती. ती राखाडी रंगाखाली जाणार होती.

ती पावलं कांतीची. लहानूची कांती.

चौसष्ट सालची, वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन महिन्यांचं काम, म्हणून बायको अंजनाबाई आणि पाच वर्षांची कांती, दोघींना तो वर घेऊन गेला होता. कोबा घोटणारा माणूस मागे मागे सरकत दाराशी येतो आणि मग त्या खोलीत दोन दिवस कुणाचा पाय पडत नाही. लहानू घोटत घोटत दाराशी आला, अंजनाबाईने भाकरी सोडली, आणि तेवढ्यात बाहेर खेळताना माकड दिसलं म्हणून घाबरलेली कांती खिडकीतून आत उडी टाकून थेट बापाकडे धावत आली. लहानूने तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारली, पण मारली.

आनंदराव मिस्त्रीचा दंडक होता, कामावर पोरं आणायची नाहीत. आणली तर त्याच पावली घरी. दुसऱ्या दिवशी वामनराव मोटारीतून काम बघायला आले, मिस्त्रीने ती पावलं पाहिली आणि तो लहानूवर उखडला. लहानूने बाहेर पाहिलं. मोटारीत मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली, कांतीच्याच वयाची साहेबांची मुलगी बसली होती. कालही ती मंडळी येऊन गेली होती. शालीतून दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

"छोट्या बाई आल्या होत्या साहेब, काल," तो म्हणाला. "तुमी मिस्त्रीसंगं मागं विहीर पाहून राहिले होते तवा."

वामनराव त्याच्याकडे बघत राहिले. "तू पाहिलंस?"

"हो जी."

"चालत आली?"

"धावत जी."

वामनरावांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग मिस्त्रीला म्हणाले, "फोडू नका. राहू द्या तसंच."

लहानूचं काम वाचलं. एवढा शिकलेला माणूस आपल्या थापेला फसला, याचं त्याला त्या दिवशी हसूही आलं होतं. पुढे पावसाळ्यात कांती तापाने गेली. फोटो कधी काढलाच नव्हता. तिचं या जगात उरलं होतं ते त्या कोब्यात, दुसऱ्याच्या मुलीच्या नावावर. वर्षातून एकदा काहीतरी डागडुजीचं निमित्त काढून तो बंगल्यात जायचा, माळ्याची नजर चुकवून एकेका पावलावर हात ठेवायचा.

वामनरावांना जाऊन वर्ष झालं होतं. आता शब्द टाकायचा तो त्यांच्या मुलीकडे, आणि तोही थाप न मोडता.

फाटकातून आत येताना त्याने सवयीने जमीन बघितली. पायऱ्यांच्या बाजूने सायकल चढवावी तशी सिमेंटची उतरण होती. घोटाई चांगली होती.

अरुंधतीबाई खिडकीशी टेबलामागे बसून कॉलेजचे पेपर तपासत होत्या. पंचविशी उलटलेली असेल. वेण्या गेल्या होत्या.

"बसा लहानूभाऊ. खाली नाही, खुर्चीवर."

लहानू खुर्चीच्या कडेवर टेकला. "बाईसाहेब, कोब्यावर तुमचे पाय हायेत, लहानपणचे. ते झाकू नका जी. वामनराव साहेबांनं जपले."

"बाबा त्या खोलीत कुणाला चपला घालू देत नसत," त्या म्हणाल्या. "स्वतः दुपारभर तिथेच खुर्ची टाकून बसायचे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही पाहिलंत ना तेव्हा? मी कशी धावले, सांगा ना."

खोटं बोलायला तो आला होता, पण डोळ्यांसमोर जी आली ती खरीच होती. "वासरू सुटते ना जी, तशी. हात असे पसरून. केस तोंडावर. हासू बी आणि भेव बी."

"पडले नाही?"

"नाई जी. ओल्या कोब्यावर मोठा माणूस घसरते. पन ते पोर नाई पडलं."

अरुंधतीबाईंचे डोळे भरले होते.

"गिरिधरला मी आजच ट्रंककॉल लावते," त्या म्हणाल्या. "पावलांभोवती पितळेची पट्टी बसवा. आत राखाडी नको, नुसता काचेसारखा थर द्या, म्हणजे वरून दिसतील. आणि तो थर तुम्हीच द्या. दुसऱ्या कुणाचा हात नको."

लहानूने हात जोडले. थाप आणखी वीस वर्षं टिकणार होती. घरी गेल्यावर अंजनाबाईला काय काय सांगायचं हे तो मनात जुळवायला लागला.

"थांबा, फाटकापर्यंत येते."

"काहून तरास घेता जी?"

"त्रास कसला," असं म्हणत त्यांनी टेबलाआडून दोन कुबड्या ओढल्या, पायांतल्या लोखंडी पट्ट्यांच्या कड्या एकेक करून लावल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "दोन वर्षांची होते तेव्हापासूनची सवय आहे."