ग्रहणातली वांगी

"आज कादंबरी नको," शरयूताई वाचनालयाच्या काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या. "ग्रहणाबद्दल काही शोधून द्याल?"

ग्रंथपाल विभावरीने त्यांना कॉम्प्युटरपाशी बसवलं, तसं सगळं बाहेर आलं. सुनेला सातवा महिना. तिला भरल्या वांग्यांचे डोहाळे, म्हणून काल दुपारी शरयूताईंनीच तिला वांगी चिरायला बसवलं. शेवटचं वांगं चिरून झालं आणि टीव्हीवर बातमी, सूर्यग्रहण सुरू आहे. गरोदर बाईने ग्रहणात चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

विभावरीने डॉक्टरांचे संशोधनलेख उघडले आणि मराठीत समजावून सांगितले. ग्रहणाचा काही संबंध नाही, शिवाय बाळाचा ओठ पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतो. शरयूताईंनी मान डोलावली, पण खुर्चीच्या कडेवरच बसून राहिल्या. मग विभावरीने वेधशाळेचा नकाशा दाखवला. ग्रहणाची सावली पार दक्षिणेकडच्या समुद्रावरून गेली होती.

"म्हणजे आपल्याकडे दिसलंच नाही? मग ते पाळायचंही नसतं." शरयूताई कितीतरी वेळाने खुर्चीला टेकल्या.

घरी येताच त्यांनी सुनेला सगळं सांगून टाकलं. ती हसली. "आई, माझा नाही हो असल्या गोष्टींवर विश्वास."

"मग कालची भरली वांगी न खाता तशीच का ठेवलीस?"

पोटावर हात ठेवून सुनेने विचारलं, "नक्की दिसलं नव्हतं ना?"

"नकाशा बघून आलेय," शरयूताई म्हणाल्या आणि त्यांनी वांगी गरम करायला ठेवली.