माझं मीच करतो

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर टेलरमास्तरांचा उजवा हात लुळा पडला, म्हणून त्यांनी अपंगांच्या सरकारी पेन्शनसाठी अर्ज केला. "तिथे फुशारकी मारू नका. जे जमत नाही ते जमत नाही म्हणा," असं बायकोने वाटभर बजावलं होतं. ऑफिसात मात्र मास्तर उजवा हात पँटच्या खिशात ठेवून ऐटीत बसले.

कारकुनाने फॉर्म पुढे ओढला. "अंघोळ स्वतः करता?"

"माझी मीच."

"शर्टाची बटणं?"

"आयुष्यभर लोकांची लावली, स्वतःची लावायला काय झालं?"

"सुईत दोरा ओवता येतो?"

"चष्म्याशिवाय."

मागे उभी असलेली बायको काही बोलणार, तेवढ्यात मास्तरांनी डोळे वटारले.

"मग पेन्शन कशाला हवी, मास्तर?" कारकून म्हणाला. "कोणाच्याही मदतीची गरज नाही, असं लिहितो. वाचून सही करा."

मास्तरांनी ओळ दोनदा वाचली, समाधानाने मान डोलावली आणि मागे न बघताच म्हणाले, "अगं, माझी सही कर."