उभ्या राहू नका, दमाल

१९८२ सालच्या सौजन्य पंधरवड्यात कंडक्टरची बायको नवऱ्याच्या बसमध्ये चढली, तीही चोरून. डोक्यावरून शाल घट्ट ओढलेली. तिला प्रवास फुकट असे, पण पास दाखवला असता तर त्याने लगेच ओळखलं असतं. म्हणून तिने सुटे पैसे मुठीत धरले होते.

आठवडाभर नणंदेने तिचे कान किटवले होते. "वहिनी, दादा बसमध्ये काय गोड बोलतो गं! नुसती साखर पेरतो. हा आपलाच दादा का, असं वाटतं."

पंधरवडाच तसा होता. बसवर पाट्या लागल्या होत्या, 'नम्र बोला, शब्दाला पैसे पडत नाहीत.' साध्या वेशातले तपासनीस उतारूंमध्ये बसून गुण देत. पहिला येईल त्याला बढती. तपासनीस कोण आणि उतारू कोण, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून कंडक्टर सगळ्यांशीच नम्र.

घरी मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. चहा गार झाला की तिची अक्कल निघे, मीठ कमी पडलं की माहेर. तीही काही गरीब गाय नव्हती; एकाला दोन ऐकवायची. पण कधीतरी एखादा मऊ शब्द येईल, याची लग्नापासून वाट बघत होती. तो ऐकायलाच आज आली होती.

कंडक्टर लोक चेहरे बघत नाहीत, हात बघतात. तिच्या तळहातावरची नाणी उचलून त्याने तिकीट फाडलं.

"ताई, उभ्या राहू नका, दमाल. अहो साहेब, जरा सरकता का? हं, बसा ताई. सावकाश."

दमाल! तिचे डोळे भरून आले. शेवटच्या थांब्यापर्यंत तो शब्द ती मनात घोळवत राहिली. उतरताना मात्र तिला राहवलं नाही. "अहो..."

त्याने मान वर केली. मागे अजून दोन उतारू होते, त्यामुळे ओठांवरचं हसू हललं नाही. त्याच हसऱ्या तोंडाने तो पुटपुटला, "इथे कशाला तडमडलीस? घरी आल्यावर बघतो तुझ्याकडे." आणि मग मोठ्याने, "सांभाळून उतरा हं, ताई!"

पहिला नंबर त्याचाच आला. बक्षीस समारंभात पाहुण्यांनी तिलाही व्यासपीठावर बोलावलं. "काय वहिनी, घरीही असेच गोड बोलतात का हो?"

कंडक्टरचा चेहरा पांढराफटक पडला. ती ध्वनिक्षेपकासमोर आली.

"बसमध्ये फार गोड बोलतात. मी तिकीट काढून ऐकून आलेय."

सभागृहात हशा पिकला. टाळ्या थांबेनात. एकटा कंडक्टर हसला नाही.

पंधरवडा संपला आणि उन्हापावसात पाट्यांचा रंग उडाला. नणंदेने मुलीसाठी हट्टाने कंडक्टर जावई शोधला. कंडक्टर तपासनीस झाला, साध्या वेशात बसून दुसऱ्यांच्या जिभेला गुण देऊ लागला, आणि वय झाल्यावर निवृत्त होऊन घरी बसला.

बायकोने मात्र समारंभाच्या दिवसापासून त्याला उलट उत्तर दिलं नाही. एखाद्या परक्या गृहस्थाशी बोलावं तशी बोलू लागली. "आपण जेवून घेता का?" "आपल्याला पाणी आणू?" आवाज कधी चढला नाही. सुरुवातीला त्याला वाटलं, जिरली हिची. मग त्याची जीभ आपोआप मवाळ होत गेली. म्हातारपणी तर तो काकुळतीला आला.

"अगं, एकदा तरी भांड माझ्याशी. हवं तर चार शिव्या दे."

"आपल्या पाठीशी उशी ठेवू का?" तिने विचारलं.

शेजारीपाजारी आपल्या मुलासुनांना सांगत, नवराबायकोने एकमेकांशी बोलावं कसं, ते त्या दोघांकडून शिका.