सैल वायर

चावी फिरवली की जुन्या ट्रकचा स्टार्टर नुसता टकटक करायचा. शेवटी काकूंनीच मेकॅनिकला बोलावलं. "गाडी बंद पडल्यापासून यांना घास गोड लागत नाही," त्या म्हणाल्या.

बॅटरी ठणठणीत होती, स्टार्टरही. मग त्याने अर्थची वायर चाचपली. नट सैल होता आणि त्यावर पान्याचे ताजे ओरखडे होते. तो आवळणार, तोच काकांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "समोरून एक गाडी येतेय की दोन, ते कळत नाही आता. घरात सांगायला जीभ रेटत नाही."

मेकॅनिकने पाना पिशवीत टाकला. "काकू, गाडी थकलीय. आता हिला दामटू नका."

काकूंनी ट्रककडे पाहिलंच नाही. काकांचे तेलकट हात फडक्याने पुसत त्या म्हणाल्या, "स्वतःहून थांबली, बरंच झालं. अलीकडे ती निघाली की माझ्या जिवाला घोर लागायचा."